पुसलेले नऊ शेरे

छायाताईचा मला पहिल्या दिवसापासून राग आला होता, आणि तिला माझा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलणार आहे आणि ते वाचून आम्ही पाठच्या बहिणी होतो असं कुणाला वाटायला नको.

सत्त्याण्णव साल होतं. सुरतेत रिंग रोडवर, एका कापड मार्केटच्या चौथ्या मजल्यावर मगनभाईंचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. डाइंग मिलांना ते एक प्रोग्राम बसवून देत. कुठल्या व्यापाऱ्याचा कपडा रंगायला आला, कुठला छापून झाला, कुठला अजून ओला आहे, हे सगळं मिलवाले त्या प्रोग्रामात भरत. मिला पडल्या शहराबाहेर सचिन, भेस्तान, इच्छापोरकडे आणि व्यापारी बसणार मार्केटात. माझा कपडा निघाला का, म्हणून सकाळी दहापासून ते मगनभाईंच्या डोक्यावर येऊन बसत. त्याआधी प्रत्येक मिलच्या कॉम्प्युटरात टेलिफोनच्या वायरीतून इथूनच शिरायचं, कालची यादी ओढून घ्यायची आणि तिकडचं काही अडकलं असेल तर इथूनच सोडवायचं. हे काम छाया बिऱ्हाडे करी. चौदा मिला आणि एकटी बाई.

आजच्या पोरांना ते समजणार नाही. टेबलावर मोडेम नावाची एक डबी असे. ती नंबर फिरवी, पलीकडची डबी उचली आणि दोघी मांजरांसारख्या किंचाळत. किंचाळणं जुळलं की पलीकडच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या पडद्यावर. प्रत्येक मिलसाठी त्या सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद साठवलेली असे. तिच्यात टेलिफोन नंबर, किती वेगाने बोलायचं, मोडेमला आधी कोणता हुकूम द्यायचा, पासवर्ड, लागला नाही तर किती वेळा फिरवायचं हे सगळं असे. सगळ्यात खाली एक ओळ असे शेऱ्याची. त्या ओळीत काहीही लिहा, कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती फक्त माणसासाठी होती.

छायाताईचे वडील उधना यार्डात रेल्वेचे गँगमन. अमळनेर तालुक्यातून आलेलं बौद्ध घर, पाच भावंडं. ही बारावी झाली, टायपिंग शिकली आणि मगनभाईंकडे पत्रं टाइप करायला लागली. कॉम्प्युटर आला तेव्हा ऑफिसातल्या दोघा पुरुषांनी त्याला हात लावला नाही, बिघडला तर आपल्या नावावर येईल म्हणून. हिने लावला. नवरा पोपट इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. एक दिवस काम असायचं, दोन दिवस गेटवरूनच 'उद्या या' ऐकून परत यायचं. त्या घरात हलत नव्हती अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे छायाताईची ऑफिसातली खुर्ची. आणि गंमत अशी की त्या खुर्चीवर ती बसत नसे. उभ्यानेच नंबर लावी, येरझाऱ्या घाली, पुन्हा येऊन पडद्यात बघे. चहासुद्धा उभ्यानेच. बसलीच तर टेबल हलेल इतका गुडघा हलवी. तिला बघून मलाच दम लागे.

प्लेगच्या वर्षी शहर रिकामं झालं तेव्हा ऑफिसला पंधरा दिवस कुलूप होतं. उघडलं तर कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसलेली. सगळ्या नोंदी गेल्या. पुन्हा प्रत्येक मिलला फोन करून, कुणाला दम देऊन, कुणाच्या विनवण्या करून तिने त्या एकेक उभ्या केल्या. त्याला महिना लागला. तेव्हापासून दर शुक्रवारी ती दोन फ्लॉप्यांवर नोंदींची नक्कल काढी. एक टेबलाच्या खणात, एक घरी. नुसती नक्कल काढून तिचं समाधान होत नसे. शेजारच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जाऊन ती उघडून बघे. जी नक्कल उघडून बघितली नाही ती नक्कलच नव्हे, असं ती म्हणे. हे तिचं वाक्य मी पुढे आयुष्यभर वापरलं आणि ते माझंच आहे असं लोकांना वाटू दिलं.

आता माझं. मी चैताली, उधन्याचीच. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, मग गुजराती कॉलेज, मग सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. मगनभाईंनी घोडदोड रोडला नवीन ऑफिस घेतलं, काच, एसी, नवा कोरा कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर बसायला मी. वय बावीस, कोर्सचं सर्टिफिकेट पर्समध्ये आणि नाक कायम वर. जुन्या ऑफिसात यापुढे फक्त कागद राहणार होते. चौदा मिलांचं काम नव्या कॉम्प्युटरवरून होणार होतं. मगनभाईंनी छायाताईला सांगितलं की सगळ्या नोंदी फ्लॉपीवर काढून चैतालीबेनला द्या, पुढचं ती बघेल.

आणि मी काय करायचं, असं तिने विचारलं.

मगनभाई म्हणाले, "जोइशुं, छायाबेन." म्हणजे बघू. गुजराती शेठ जोइशुं म्हणाला की शहाण्या माणसाने डबा आवरायला घ्यावा, हे सुरतेत लहान पोरालाही कळतं. छायाताईने पुढच्या आठ दिवसांत त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा जोइशुं.

त्या आठ दिवसांत तिची झोप गेली. हे तिने मला खूप नंतर सांगितलं, पण इथेच सांगते, म्हणजे मागचं पुढचं होणार नाही. गरज सरो, वैद्य मरो, हे तिला दिसत होतं. घरी पोपटला तिने सांगितलं नाही. तो आधीच गेटवरून परत येऊन येऊन अर्धा झाला होता. ऑफिसात ती खणातून फ्लॉपी काढी, परत ठेवी, खिडकीशी जाई, परत येई. शेवटच्या दिवशी तिने नोंदी एकेक करून उघडल्या. चौदापैकी नऊ नोंदींच्या तळाशी शेरा होता.

त्या शेऱ्यांमध्येच तिची तीन वर्षं होती. भेस्तानच्या एका मिलची लाइन ऑपरेटरकडून जाते, आधी साध्या फोनने ऑपरेटरला सांगा, मग मोडेम लावा. इच्छापोरच्या मिलला साडेआठच्या आधी वीज नसते. एका ठिकाणचा क्लार्क मशिन चालू करायचंच विसरतो, त्याला पानाच्या टपरीवरून बोलवा. आणि सचिनच्या एका मिलचा शेरा होता, 'दोन रिंग, कट, पाच मिनिटांनी मोडेम. लोटूभाऊ.'

लोटू महाजन हा त्या मिलचा वॉचमन. सकाळी नऊच्या आत मिलच्या ऑफिसात कुणी नसे. टेलिफोन एकच, तो गेटवरच्या केबिनमध्ये. कॉम्प्युटर अंगणापलीकडच्या खोलीत. तर लोटू काय करी, दोन रिंग वाजून थांबल्या की समजे, बाई आली. टेलिफोनची वायर काढून मोडेमच्या लांब वायरीला जोडी, केबिनला कडी लावी, पलीकडे जाऊन मोडेमचं बटण चालू करी. दहा मिनिटांनी सगळं परत जागच्या जागी. ही युक्ती त्याचीच होती. लेक सासरी सुखरूप पोचली की गावच्या बूथवरून दोन रिंग मारून ठेवते, उचलायचं नाही, पैसे पडत नाहीत, कळायचं ते कळतं. तसंच करू की आपण, असं तो छायाताईला म्हणाला होता. त्यानंतर तीन वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले असतील दोनदा. भेटले एकदाही नाहीत. पण रोज आठ वीसला इकडून दोन रिंग आणि आठ पंचवीसला तिकडचा मोडेम तयार, यात कधी खंड पडला नाही. मिलच्या मॅनेजरला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटे, यंत्र आहे, आपोआप होतं.

छायाताईने आधी सगळ्या नोंदींची जशीच्या तशी नक्कल काढून जुन्या कॉम्प्युटरात वेगळी ठेवली. मग माझ्यासाठी जी फ्लॉपी करायची होती, तिच्यातल्या नऊच्या नऊ शेऱ्यांवर कर्सर नेऊन ते पुसून टाकले. नंबर खरे, वेग खरा, पासवर्ड खरे. कुणी तिला खोटारडी म्हणू शकलं नसतं. तिचा विचार साधा होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. नवी पोरगी दोन दिवसांत रडकुंडीला येईल, मगनभाईंचा फोन येईल, छायाबेन, जरा या ना. मग ती जाईल. मग कुणी तिला जोइशुं म्हणणार नाही.

फ्लॉपी घेऊन ती घोडदोड रोडला आली. एसीत उभी राहून पदराने घाम पुसत होती. मी नोंदी नव्या मशिनवर उतरवून घेतल्या, चौदाच्या चौदा आल्या. तिने मला प्रत्येक नोंद उघडून बघायला लावली. शेऱ्याच्या ओळी रिकाम्या होत्या ते मला दिसलं. मला वाटलं, बाई जुन्या वळणाची, रिकामी जागा कशाला वापरेल. ती दारापर्यंत गेली, परत आली, काही विचारायचं आहे का म्हणाली. मी म्हटलं, सगळं फ्लॉपीत आहे ना? ती आहे म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बसले. पाच मिला पटापट लागल्या. बाकीच्या नऊ लागेनात. कुठे नुसतीच रिंग, कुठे एंगेज, कुठे कुणीतरी उचलून ओरडतंय. दहाला व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. मगनभाई काचेपलीकडून बघत होते. छायाताईला फोन करावा हे डोक्यात आलं नाही असं नाही. आलं. पण जिच्या खुर्चीवर आपण बसलो तिलाच पहिल्या दिवशी विचारायचं? मेले असते, विचारलं नसतं. मी एकेका मिलला साध्या फोनने गाठलं, क्लार्कांशी भांडले, ऑपरेटरला मामा केलं, टपरीवाल्याचा नंबर काढला. तीन दिवसांत आठ मिला मार्गी लावल्या. घसा बसला, पण लावल्या.

इकडे छायाताई जुन्या ऑफिसात टेलिफोनजवळ उभी. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. फोन वाजे तो रद्दीवाल्याचा नाहीतर चुकीचा. ती रिसीव्हर उचलून डायल टोन येतो की नाही बघे. तिसऱ्या दिवशी तिला घरी जेवण गेलं नाही. तिने पुसलेलं मी पुन्हा लिहून काढत होते, हे तिला माहीत नव्हतं. आणि माझ्याकडून एकच नोंद सुटत नव्हती, सचिनची, हेही नव्हतं.

सचिनला रोज एकच तमाशा. मोडेमला छोटा स्पीकर असतो, लाइनवर काय चाललंय ते त्यातून ऐकू येतं. मी नंबर फिरवायची. रिंग, रिंग, रिंग, आणि मग कुणीतरी उचलायचं. "हलू... कोन बोलस?" म्हणायचं. माझा मोडेम त्याच्या कानात किंचाळायचा. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज, आणि मग पळत गेल्यासारखी पावलं. पुन्हा लावायचा तर एंगेज. तोवर मी वैतागून दुसऱ्या मिलकडे वळलेली असायची. वीस मिनिटांनी पुन्हा फिरवलं की पुन्हा "हलू... कोन बोलस?" पाच दिवस मी तो आवाज ऐकला. त्याच्याशी बोलायला साधा फोन उचलून एकदा नंबर फिरवायचा होता. नऊच्या आत. नाही फिरवला. नऊनंतर मॅनेजरला फिरवला.

मॅनेजरला मी सांगितलं की तुमचा माणूस रोज मध्येच टेलिफोन उचलतो, मोडेम लागू देत नाही, माझं काम अडतं. तक्रार करताना माझा आवाज गोड होतो, तसा तो त्या दिवशीही झाला. मॅनेजर म्हणाले, बघतो. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. काम झालं होतं. मोडेमला शेजारच्या गोडाउनातली जादा लाइन ओढून घेतली होती, आता कधीही लावा. आणि तो वॉचमन बहिरा निघाला, त्यानेच कबूल केलं, रिंग ऐकू येत नाहीत म्हणाला. बहिरा वॉचमन काय कामाचा, काढून टाकला.

मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले, खोटं कशाला बोलू.

त्याच दुपारी प्रिंटरच्या रिबिनी न्यायला मी जुन्या ऑफिसात गेले. छायाताई खिडकीशी उभी होती. मला मिरवायचं होतं. म्हटलं, चौदाही मिला चालू झाल्या बरं का, सचिनचंही सुटलं. तिने विचारलं, सचिनचं कसं सुटलं. मी सांगितलं, वॉचमन बहिरा होता, काढला त्याला.

ती खुर्चीवर बसली. मी तिला बसलेली पहिल्यांदाच बघत होते आणि गुडघा हलत नव्हता.  मग तिने जुना कॉम्प्युटर चालू केला, ती वेगळी ठेवलेली नक्कल उघडली आणि सचिनच्या नोंदीच्या तळाशी बोट ठेवलं. मी वाचलं. 'दोन रिंग, कट.' वॉचमन रोज वायर कशी जोडी ते तिने सांगितलं आणि मला ती पावलं आठवली. तो दोन रिंगांची वाट बघत केबिनमध्ये बसलेला असायचा. त्या कधी थांबायच्याच नाहीत. तिसरी वाजली की त्याला वाटे, हा मोडेमचाच फोन, खुणेच्या दोन रिंगा मघाशीच येऊन गेल्या, मला ऐकूच आल्या नाहीत. म्हणून तो उचलायचा आणि मग वायर लावायला धावायचा, आणि तोवर मी गेलेली असायची.

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती एकदाही उलटून बोलली नाही, तेव्हा माझं ओरडणं माझ्यावरच उलटलं. तक्रार कुणी केली होती?

ती उठली, जिना उतरली, घोडदोड रोडला जाऊन मगनभाईंसमोर उभी राहिली. मी मागोमाग गेले. तिने सरळ सांगितलं की नऊ शेरे मी पुसले, मुद्दाम पुसले, मला काढाल या भीतीने पुसले. सचिनच्या त्या माणसाचे कान चांगले आहेत, मॅनेजरला फोन करा. मगनभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. फोन मात्र केला नाही. तो मिलचा मामला होता आणि मिल गिऱ्हाईक होती. तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. या वेळी जोइशुं नव्हतं. ज्या खुर्चीसाठी तिने हे सगळं केलं ती पाच मिनिटांत गेली, आणि तिला त्याचं काही वाटायला सवड नव्हती. तिने चावी टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, सचिनला जायला बस बरी की शेअर रिक्षा.

मी तिच्याबरोबर गेले. का गेले ते तेव्हा कळलं नाही. रिक्षात आम्ही दोघी आठ माणसांत चेंगरून बसलो होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो. उधना गेलं, भेस्तान गेलं. तिचं घर तिथेच होतं, ती उतरली नाही. मिलच्या गेटवर नवा वॉचमन होता, उत्तर प्रदेशचा कुणी तरणा माणूस. आधी ती मॅनेजरला भेटली, सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाले, आता नवा ठेवलाय, त्याला काय कारण देऊन काढू? आणि तो स्वतःच म्हणाला होता ना बहिरा आहे म्हणून, आम्ही थोडंच म्हटलं?  लोटूला ती नोकरी परत मिळाली नाही, हे इथेच सांगून टाकते.

नव्या वॉचमनने खोलीचा पत्ता दिला. सचिन स्टेशनपलीकडे एका ओळीत पत्र्याच्या वीस खोल्या होत्या, दारापुढे बायका साड्यांचे लोंबते धागे कापत बसल्या होत्या. सुरतेत हे काम घरोघरी चालतं, गठ्ठा येतो, गठ्ठा जातो. त्या बायकांच्या रांगेत शेवटी एकच पुरुष बसला होता, मांडीवर गुलाबी साडी, हातात छोटी कात्री. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या. शेजारी त्याची बायको भागीरथी.

छायाताई त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली की मी छाया, मगनभाईंच्या ऑफिसातली. त्याने हात कानाला लावला आणि बायकोकडे बघितलं. भागीरथी त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "फोनवाली बाई उनी!" त्याचा चेहरा फुलला, आणि लगेच पडला. तोच हात जोडायला लागला.

"बैन, मना चुकनं," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखा मोठ्याने बोलत होता. "वीस वरीस लूमवर काढात, कान गयात. तुमन्या दोन रिंगा माले ऐकूच उन्यात नही."

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसांचे कान जातात, हे सुरतेत सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याबरोबरच्या कितीकांचे गेले होते. तो मनात ती पाळी येण्याची वाटच बघत होता. म्हणून पाच सकाळी दोन रिंगा आल्या नाहीत तेव्हा त्याने मिलवर संशय घेतला नाही, टेलिफोनवर घेतला नाही, आणि बाईवर तर नाहीच. बाई चुकणारी नव्हती. मग एकच उरलं. तेव्हापासून घरात सगळे त्याच्याशी ओरडून बोलत होते आणि तोही कानाला हात लावल्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हता. डॉक्टरकडे जायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

छायाताई रिक्षातल्या तासाभरात काय बोलायचं ते जुळवत आली होती. ते तिने त्याच्याजवळ वाकून, खालच्या आवाजात सांगितलं. त्याने कानाला हात लावला. "काय?" तिने पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने. पलीकडच्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. त्याने मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. भागीरथी म्हणाली, "बाई, वरडीसन सांगा."

छायाताई उभी राहिली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्या सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात, घशाच्या शिरा फुगवून, अमळनेरकडच्या बोलीत ओरडली, "दोन रिंगा वाजन्यातच नही, लोटूभाऊ! मी सांगंच नही त्यासले! मी पुसी टाकं! तुमना कान चांगला शेत!"

बायका तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हा माणूस कात्री फेकेल, शिवी देईल, निदान बायको तरी देईल. मला वाटत होतं की द्यावी. आणि एक तरी मला द्यावी.

 मग त्याने कानावरचा हात काढला. दूर रुळांवर मालगाडी जात होती, तिच्याकडे मान वळवली. शेजारच्या खोलीत कुणाचं तान्हं रडत होतं, तिकडे वळवली. मग विचारलं, अगदी हळू, "म्हणजे... माले ऐकू येस?"

छायाताईने मान डोलावली. ती रडत होती.

भागीरथीचं अजून लक्षात आलं नव्हतं. ती सवयीने त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडून विचारू लागली, काय म्हनस ही बाई, काय म्हनस?

लोटूने तिचा हात धरून तिला बाजूला बसवलं. तो हसत होता. नोकरी गेलेल्या माणसाला इतकं हसताना मी त्यानंतर कधी बघितलं नाही.

"धीरे बोल वं भागीरथी," तो म्हणाला. "माले ऐकू येस."